हालचाल आहे, वाचन बाद

महानंदा बिराजदारच्या नावापुढं टॅबवर 'असहकारी' असा शब्द उमटला, तेव्हा मी त्या टॅबला शिवी दिली. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं. शेजारची म्हातारी दचकून बाहेर आली.

असहकारी म्हणे! ज्या बाईनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, ती असहकारी. सासूचं हागणं-मुतणं काढलं, नवऱ्याचा यंत्रमाग सुटला तेव्हा एका दिवसात कामाला लागली, मालकिणीनं पन्नास भाकरी जास्तीच्या सांगितल्या तर 'बरं' म्हणाली. आणि कुठल्या तरी थंडगार खोलीतलं यंत्र तिला सांगतंय की बाई, तू सहकार्य करत नाहीस.

मी अनसूया ढावरे. सोलापुरात जुन्या गिरणीमागच्या वस्तीत एकवीस वर्षं आशा म्हणून काम केलं. घरोघरी फिरायचं, बाळंतिणी बघायच्या, लस द्यायला पोरं गोळा करायची, बीपी-शुगरवाल्यांच्या मागं लागायचं. वस्तीतली सगळी मला अक्का म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं नाडीकडं आलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

कडं काय होतं ते आधी सांगते. निळं, रबरी, मनगटात बसणारं, आतून हिरवा दिवा. हृदयाचा ठोका पडला की रक्ताची एक लाट हातापर्यंत येते. दाब जितका जास्त, नस जितकी ताठ, तितकी ती लाट लवकर पोचते. कडं त्या लाटेचा वेळ आणि आकार मोजायचं आणि त्यावरून बीपी काढायचं. दंडाला पट्टा बांधून फुसफुस हवा भरायचं काम नाही. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा, खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, सुटल्या माझ्या बायका.

पण त्याला एक खोड होती. हात हलत असला की रक्ताची लाट कुठली आणि हाताचा हिसका कुठला, हे त्याला उमजायचं नाही. म्हणून पाच मिनिटं पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून गप बसायचं. तसं बसलं तरच वाचन ग्राह्य. नाहीतर आतून एक बाई बोलायची, 'हालचाल आहे. वाचन बाद. कृपया पाच मिनिटं शांत बसा.' तिचा आवाज इतका गोड, की एक कानाखाली काढावीशी वाटायची.

आणि हे सगळं कशासाठी, तर सुईसाठी. सुई मात्र चांगली होती हो, मी खोटं बोलणार नाही. आपल्या यकृतात एक प्रथिन तयार होतं, त्याच्यापासून पुढं रक्तवाहिन्या आवळणारं रसायन बनतं. ते प्रथिन बनवा असा निरोप पेशीतल्या पेशीत जात असतो. ही सुई तो निरोपच वाटेत फाडून टाकते. निरोप नाही तर प्रथिन नाही, प्रथिन नाही तर नसा सैल. एकदा टोचली की सहा महिने रोजच्या गोळीची कटकट नाही.

पण सहा महिने तिचा असर उतरतही नाही. चुकून धडधाकट माणसाला दिली तर त्याचा दाब खाली जाऊन बसणार. म्हणून नियम केला, तीस दिवसांत साठ ग्राह्य वाचनं, ती सगळी वरची, तरच सुई. कागदावर बघितलं तर नियम बरोबर आहे. ज्यानं कागद लिहिला त्याला रोज बसायला खुर्ची मिळत होती, एवढाच फरक.

सुई आली म्हणून आमच्या दवाखान्यातल्या गोळ्या बंद झाल्या. आधी तरी काय दिवे लावले होते? दवाखाना दहा ते एक, महानंदाचं काम सात ते चार. रजा काढून गेली तर दहा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या आणि 'पुढच्या सोमवारी या'. पुढच्या सोमवारी साठा संपलेला. तरी काहीतरी पोटात जायचं. आता तेही बंद.

*

महानंदा भाकरी केंद्रात होती. सोलापूरची कडक भाकरी पार परदेशात जाते, ती थापणाऱ्या बायका मात्र चौदा जणी एका पत्र्याखाली उभ्या. सिमेंटचा ओटा, प्रत्येकीपुढं परात, शेगडी आणि तवा. दिवसाला एकेकीच्या दीडशे भाकरी. मी आत शिरले तर चौदा कडी एकदम बोलत होती. 'हालचाल आहे. वाचन बाद.' थाप थाप थाप. 'हालचाल आहे. वाचन बाद.'

"महानंदा, बस जरा. पाच मिनिटं."

"अक्का, कुठं बसू?" ती हसली. "पाच मिनिटं बसले तर तव्यावरची कोण उलटणार, ही कड्यातली बाई?"

"घरी गेल्यावर बस."

"घरी पाणी भरायचंय, स्वयंपाक हाय, धुणं हाय. आडवी झाले की लगेच झोप लागती, मग कूस बदलली की ही बया परत कोकलती. यांची झोपमोड होती, ते ओरडतात." तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुम्हीच सांगा, करू काय मी?"

मी पिशवीतून माझा जुना पट्टा काढला. रबराचा फुगा दाबून हवा भरायचं साधं यंत्र, माझं स्वतःचं. तिला ओट्याला टेकवून कसंबसं मोजलं. वरचा एकशे शहाण्णव, खालचा एकशे चौदा. तिची आई याच वयात गेली होती, डोक्यात नस फुटून. महानंदा चव्वेचाळीसची.

"हा आकडा लिहा की त्यांच्याकडं," ती म्हणाली.

"हातानं मोजलेलं चालत नाही."

"का? हात खोटं बोलतात?"

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान खाली जाते. ते मीच केलं. मीच तिला म्हटलं, "एक काम कर. दाजींच्या हातात घाल कडं. ते बसूनच असतात."

शरणप्पा, तिचा नवरा. माग बंद पडल्यापासून आणि पाठीत चमक भरल्यापासून उंबऱ्यावर बसून. तोंडात तंबाखू, येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या, भाजी अळणी झाली तर ताट भिरकावणार. मला वाटलं, एवढा चिडका माणूस, लालबुंद तोंड, याचं बीपी तर असणारच. तिच्या नावावर याची वाचनं जातील, तीही वरचीच, आणि सुई तिला मिळेल. वस्तीत असं बऱ्याच घरांत चाललं होतं. जो बसलेला असेल त्याच्या हातात कडं. मला माहीत होतं आणि मी गप्प होते, कारण माझ्या टॅबवर लाल नावं कमी व्हायची आणि वरचे लोक माझ्यावर खूश राहायचे.

एकवीस वर्षं मी लोकांना घसा फोडून सांगत आले, बीपी तोंडावर दिसत नाही, रागावरून कळत नाही, मोजल्याशिवाय समजत नाही. आणि मीच तोंड बघून ठरवलं.

फाइल बंद होईपर्यंत मला टॅबवर आकडे दिसायचे नाहीत, फक्त किती वाचनं ग्राह्य झाली ते दिसायचं. दहा झाली, तीस झाली, साठ झाली. मी खुशीत. तिसाव्या दिवशी उघडून बघते तर हिरव्या अक्षरांत: 'निरोगी. फाइल बंद. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.'

शरणप्पाचं बीपी एकशे सोळा, चौऱ्याहत्तर. दिवसामागून दिवस, कॉलेजच्या पोरासारखं.

*

मी औषधाच्या दुकानात गेले. म्हटलं, गेली खड्ड्यात तुमची योजना, गोळ्या मीच आणून देते. दुकानदारानं तिच्या कार्डाचा नंबर टाकला आणि मान हलवली. "अक्का, फाइल निरोगी दाखवतीय. बीपीची गोळी निघतच नाही. मशीन बिल करू देत नाही." तीन दुकानं फिरले, तिन्हीकडं तेच. असहकारी असताना निदान गोळी विकत तरी मिळाली असती. मी तिला निरोगी करून तेही दार बंद केलं.

मग विभाग कार्यालयात गेले. समन्वयक केतकी मॅडम, वय पस्तीसच्या आसपास, बोलायला चांगली. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पट्ट्यानं मोजलेले आकडे तिच्यापुढं ठेवले, आठ महिन्यांचे, तारखेसकट.

"आशाताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवते हो. पण सिस्टीम हे घेत नाही."

"सिस्टीम कोण आहे? तिला बोलवा इथं. मी बोलते तिच्याशी."

ती कसनुशी हसली. मी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बरं झालं आलात. शेजारच्या विभागात दुसऱ्याच्या हातात कडं घालायचे प्रकार सापडलेत. ती सगळी माणसं योजनेतून कायमची बाहेर. तिथल्या आशाताईंनाही काढलं. तुमच्याकडं असलं काही नाही ना?"

कायमची बाहेर. म्हणजे मी बोलले तर महानंदाला सुई कधीच नाही.

"नाही," मी म्हटलं. "पण तिची पुन्हा तपासणी करता येईल का?"

"अर्ज केला तर येते. सात दिवस, रोज तीन ग्राह्य वाचनं, एकही दिवस चुकवायचा नाही. मग आठवड्याभरात निकाल."

रोज पंधरा मिनिटं. त्या बाईला रोज पंधरा मिनिटं बसवायचं, बस्स. मला वाटलं, एवढं तर जमेल. तिथंच अर्ज भरून दिला.

*

मी थेट शरणप्पापुढं जाऊन उभी राहिले. "दाजी, उद्यापासून सकाळचं पाणी तुम्ही भरायचं."

"माझी पाठ..."

"तुमच्या पाठीला आग लागो. तुमची बायको मरायला लागलीय."

"काय मरत न्हाय. धडधाकट हाय. तुमच्याच मशीननं सांगितलंय, निरोगी."

"ते तुमचं बीपी होतं! तुमचं!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली. त्यानं खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी चार हंडे भरले, तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी कण्हत पडून राहिला. मग मीच पहाटे पाचला त्यांच्या दारात हजर. मी नळावर उभी, महानंदा भिंतीला टेकून बसलेली, हात मांडीवर.

तिला बसता येत नव्हतं हो. सवयच नव्हती. दुसऱ्या मिनिटाला म्हणायची, "अक्का, तो हंडा भरला, वाहायला लागलाय." तिसऱ्या मिनिटाला दूध उतू जाईल म्हणून उठायला बघायची. आणि एवढं सगळं गप केलं की झोप लागून मान कलंडायची. 'हालचाल आहे. वाचन बाद.' परत पहिल्यापासून. मी तिच्या खांद्यांवर हात दाबून बसवायचे. तिला हसू यायचं, मला रडू.

"कसं वाटतंय बसून?" मी एकदा विचारलं.

"चोरी केल्यासारखं," ती म्हणाली.

चार दिवसांची बारा वाचनं झाली. पाचव्या दिवशी सकाळी दोन झाली. तिसरं कामावरून आल्यावर घ्यायचं ठरलं.

दुपारी बाराच्या सुमाराला केंद्रात तिच्या हातातून परात सुटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबकळला. बायकांना वाटलं चक्कर आली, आगीपुढं येतेच. कांदा फोडून नाकाला लावला, साखरपाणी पाजायला बघितलं, ते ओठावरून खाली ओघळलं. कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्यानं कार्डाचा नंबर विचारला आणि वाचून दाखवलं, "वय चव्वेचाळीस, बीपी नाही, निरोगी. उन्हाची चक्कर असेल, सावलीत झोपवा. गाडी दीड तासात पाठवतो."

दीड तास! माझ्या खोट्यानं दीड तास. मला कळल्यावर मी धावत गेले, रिक्षात घातली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

*

मेंदूत नस फुटली होती. जगली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सरकारी रुग्णालयात खाटेवर ती नुसती बघत पडायची. कडं उजव्या मनगटात तसंच होतं. सिस्टरला काढू का विचारलं तर म्हणाली, "सरकारी वस्तू आहे, हरवली तर आमच्या डोक्यावर. असू द्या."

अकराव्या दिवशी मी तिला डाव्या हातानं चमचा धरायला शिकवत होते, आणि माझा टॅब वाजला.

'अभिनंदन! लाभार्थी महानंदा बिराजदार यांचे उत्तम सहकार्य. सर्व वाचने ग्राह्य. सुईसाठी पात्र.'

मी ते तीनदा वाचलं. तिचा तो हात चादरीवर पडला होता, जराही हलत नव्हता. त्या मेल्या यंत्राला जसा हात हवा होता, अगदी तस्सा. माझं डोकं असं फिरलं की टॅब भिंतीवर आपटायला उचलला. महानंदा बघत होती म्हणून खाली ठेवला.

दुपारी केतकी मॅडम सुई घेऊन आली. तिला महानंदाचं काय झालं ते दारात आल्यावर कळलं. पांढरी फटक पडली.

"आशाताई, मला कुणी कळवलंच नाही. फाइलवर तर..."

"फाइलवर काय? उत्तम सहकार्य ना? झालं की सहकार्य. हात कसा गप आहे बघा. आता म्हणा तुमच्या बाईला, शांत बसा म्हणून. बसलीय. जन्मभर बसणार आहे." आसपासच्या खाटांवरची माणसं उठून बघायला लागली. बघू देत. "या वस्तीतली बाई गप पडायला लागते तेव्हा ती मेलेली तरी असते नाहीतर अशी. मधलं काही नसतं आमच्यात. हे तुमच्या त्या नियमात कुणाला सुचलं नाही?"

तिनं सुईचा डबा खाटेच्या कडेला ठेवला.

"डॉक्टरांना विचारलंय मी," मी म्हटलं. "द्यायला हरकत नाही म्हणाले. द्या सुई. आधी सुई द्या."

तिनं डाव्या दंडात सुई दिली. महानंदानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. मी रिकामी सिरिंज माझ्या हातात घेतली, थेंबसुद्धा शिल्लक नाही ना ते बघितलं.

"आता लिहून घ्या. पहिल्या महिन्यात हिचं कडं हिच्या नवऱ्याच्या हातात होतं. मी घालायला सांगितलं."

केतकी मॅडमनं दाराकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी हे ऐकलं नाही. तुम्ही घरी जा. तुमची नोकरी जाईल, हिचं नाव जाईल..."

"नाव जाऊ दे. सुई आत गेली. सहा महिने ती काढणं कुणाच्या बापाला जमणार नाही. तुम्ही ऐका. माझ्या वस्तीत एकोणचाळीस जणी तुमच्या फाइलवर निरोगी आहेत, आणि त्यातल्या किती जणींच्या स्वतःच्या हातात कडं होतं आणि किती जणींच्या सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, हे मला माहीत आहे. नावं देणार नाही. पट्टा घेऊन चला, एकेकीला बसवून मोजा, तुम्हालाच कळेल. आणि हे सगळं लिहा, खाली मी सही करते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर मी लिहीन. आणि तुम्ही ऐकून गप्प बसलात हेही लिहीन."

तिनं पर्स उघडून पेन काढलं. सगळं लिहिलं. मी पूर्ण नाव घालून सही केली.

दोन दिवसांत मला काढल्याचा कागद आला. 'गैरवर्तन' असं कारण दिलं होतं. ते खोटं नव्हतं. टॅब जमा करून घेतला. चौकशी नेमल्याचं ऐकलं. चौकशी बसली म्हणतात ना, तीही बसलीच असेल कुठंतरी चांगल्या खुर्चीत. वस्तीत मोजायला अजून कुणी आलेलं नाही.

कागद आला त्याच दिवशी दुपारी मी भाकरी केंद्रात गेले. पट्टा माझा स्वतःचा, तो कुणाला जमा करायचा नव्हता. महानंदाच्या शेगडीपुढं आता रेणुका म्हेत्रे उभी होती. महानंदा पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकिणीनं तिला तिथं आणली. रेणुका फाइलवर निरोगी असलेल्या त्या एकोणचाळीस जणींपैकी एक.

"रेणुका, बस. मोजायचंय."

"अक्का, तुम्हाला तर काढलं म्हणे."

"बस म्हणते ना."

"तवा तापलाय ओ. एवढ्या वीस भाकरी झाल्या की बसते." तिच्या मानेवरची शीर टरारून फुगली होती. मागून मालकीण ओरडली, कोण आत आलंय, काम थांबवू नका. रेणुकानं पुढचा गोळा परातीत टाकला आणि थापायला सुरुवात केली.

मी पुढं झाले आणि तिच्या तव्याखालचा गॅस बंद केला. मग तिच्या शेजारणीचा.